तुटलेल्या ओळींचा मराठी मजकूर एका कमांडने कसा जुळवायचा

पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकला की ओळी कुठेही तुटलेल्या येतात, एका ओळीत आठ शब्द तर पुढच्या ओळीत दोनच, आणि मग आपण एकेक एंटर खोडत बसतो. आमच्या वाचनालयाचा अख्खा अहवाल मी असाच हाताने नीट केलाय, दोन संध्याकाळी गेल्या त्यात. लिनक्सवर हेच काम एफएमटी ही कमांड चुटकीसरशी करते, उबंटू या लिनक्सच्या प्रकारात ती आधीपासून असतेच, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घेतलं तरी चालेल.

आधी फाइल उघडून प्रत्येक दोन परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ आहे ना ते बघा. हे अजिबात टाळू नका, कारण परिच्छेद कुठे संपला हे तिला त्या रिकाम्या ओळीवरूनच कळतं, नाहीतर सगळं एकात एक चिकटतं.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या फोल्डरात जा आणि छोट्या इंग्रजी अक्षरांत एफ, एम, टी टाइप करा, स्पेस, डॅश, त्याला लागूनच डब्ल्यू, स्पेस, २००, स्पेस आणि फाइलचं नाव. आकडासुद्धा इंग्रजीच टाका, देवनागरी आकडा तिला समजत नाही.

२०० का? हा आकडा म्हणजे ओळीची रुंदी, ती सांगितली नाही तर कमांड ७५ धरते. इंग्रजीला ते बरोबर बसतं, पण जीएनयूची (म्हणजे लिनक्सवर सहसा असते ती) एफएमटी अक्षरं नाही, बाइट (संगणकातल्या साठवणीचं माप) मोजते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रा आणि जोडाक्षरातलं हलन्तही वेगळं धरून. 'नमस्कार' एवढा एक शब्द म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट! त्यामुळे ७५ मध्ये मराठीचे जेमतेम तीन-चार शब्द मावतात.

निकाल नुसता स्क्रीनवर दिसतो. सेव्ह करायला शेवटी 'पेक्षा मोठे'चं चिन्ह आणि नव्या फाइलचं नाव द्या. नवंच हं, जुनं नाव दिलं तर कमांडने वाचायच्या आधीच ती फाइल रिकामी होते आणि मजकूर गेला.

अभंग, पत्ते, याद्या असतील तर २०० नंतर स्पेस देऊन छोट्या अक्षरांत डॅश एस पण जोडा, मग ती फक्त लांब ओळी तोडते, छोट्या एकत्र करत नाही. आणि वर्डमध्ये न्यायला अख्खा परिच्छेद एका ओळीत हवा असेल तर २०० ऐवजी २५०० टाका, त्याच्या वर ती जात नाही, तेव्हा फारच लांब परिच्छेदात एखाददुसरा एंटर हाताने काढावा लागेल.