दात काढल्यानंतर: दुखणं आटोक्यात कसं ठेवावं आणि जखम कशी भरू द्यावी

दात काढताना सहसा दुखत नाही, भूल दिलेली असते. दुखायला लागतं ते घरी आल्यावर, ओठाचा बधिरपणा उतरू लागला की. तेव्हा काय करायचं हे आधीच ठाऊक असेल तर पुढचा आठवडा बराच सुसह्य जातो.

दात निघाला की हाडात खड्डा उरतो. तो रक्ताने भरतो, रक्त गोठतं आणि त्याची गुठळी खड्ड्यात बसते. उघडं पडलेलं हाड आणि तिथल्या नसांची टोकं ही गुठळीच झाकून ठेवते, आणि जखम भरायला सुरुवातही तिच्यातूनच होते. दवाखान्यातून निघताना दिलेल्या सूचनांपैकी निम्म्याअधिक सूचना गुठळी जागची हलू नये, एवढ्यासाठीच असतात. हे एकदा लक्षात आलं की यादी पाठ करावी लागत नाही.

पहिला तास: बोळा दाबून गप्प बसा

डॉक्टरांनी दिलेला गॉझचा बोळा बरोबर खड्ड्यावर ठेवून ३० ते ६० मिनिटं घट्ट चावून धरा. चघळू नका. दर पाच मिनिटांनी काढून ‘थांबलं का?’ म्हणून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण प्रत्येक वेळी बोळ्याला चिकटलेली कोवळी गुठळी निघून येते आणि रक्त नव्याने सुरू होतं. तोंडात लाळ साठली तर गिळा, थुंकू नका.

पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणं, उशीवर पुसट डाग पडणं यात काही विशेष नाही. थोडंसं रक्त भरपूर लाळेत मिसळलं की फार वाटतं. भुलेच्या औषधात बऱ्याचदा रक्तवाहिन्या आकसून धरणारं द्रव्य असतं, त्यामुळे भूल उतरताना थोडं रक्त पुन्हा येऊ शकतं. तेव्हा स्वच्छ गॉझची घडी ओली करून अर्धा तास दाबून धरा आणि ताठ बसा. गॉझ नसेल तर काळ्या चहाची ओली, गार पिशवी चालते; चहातलं टॅनिन रक्त गोठायला मदत करतं. एवढं करूनही तोंड पुन्हा पुन्हा रक्ताने भरत असेल तर डॉक्टरांना फोन करा.

गोळी दुखण्याच्या आधी घ्या

खालच्या जबड्याची भूल काही तास टिकते. ती पूर्ण उतरायच्या आत वेदनाशामकाचा पहिला डोस पोटात गेलेला बरा. ठणका चढल्यावर गोळी घेतली तर ती लागू पडेपर्यंतचा वेळ फार लांबतो.

निरोगी प्रौढांसाठी आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ही जोडी दात काढल्यानंतर चांगली चालते. दोन्ही वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात, म्हणून एकत्र घेता येतात. किती तासांनी आणि किती दिवस घ्यायच्या, ते मात्र तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तसंच. पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांमध्येही ते असतं, तेही हिशेबात धरा. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकांनी उठणारा दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं, यातलं काही असेल तर आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. दुखतंय म्हणून ॲस्पिरिनही नको, त्याने रक्त वाहत राहतं. मात्र हृदयासाठी सुरू असलेली ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी आपल्या आपण बंद करायची नाही, तो निर्णय डॉक्टरांचा.

लवंगेचं तेल, ॲस्पिरिनची पूड वगैरे खड्ड्यात भरू नका. ॲस्पिरिनने हिरडी अक्षरशः भाजून निघते.

पहिले २४ तास

चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. तिन्हींमुळे तोंडात दाब किंवा ओढ निर्माण होते आणि गुठळी सुटते. सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद: झुरक्याची ओढ लागते ती वेगळीच, शिवाय निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं. तंबाखू-सिगारेटसाठी २४ तास ही किमान मुदत. तीन-चार दिवस थांबलात तर उत्तम. मद्यही नको.

गालावर बाहेरून बर्फ लावा. कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. झोपताना डोकं एका उशीने उंच ठेवा. धावणं, जड उचलणं, वाकून कामं करणं टाळा.

बधिरपणा असेपर्यंत चावून खायचं आणि गरम प्यायचं टाळा. स्वतःचा गाल चावला गेला तरी तेव्हा कळत नाही. लहान मुलांकडे याबाबतीत नीट लक्ष ठेवावं लागतं, ती बधिर ओठ गंमत म्हणून चावत बसतात. भूल उतरल्यावर गार किंवा कोमट, मऊ काहीही खा: दही, केळं, कुस्करलेला बटाटा, गार केलेलं सूप. बारीक बिया आणि कुरकुरीत पदार्थ खड्ड्यात जाऊन बसतात, ते आठवडाभर लांब ठेवा. चावा दुसऱ्या बाजूने.

आणि जीभ! तिला तो खड्डा चाचपून बघायचाच असतो. आवरा.

दुसऱ्या दिवसापासून

आता मिठाच्या पाण्याला सुरुवात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर आणि झोपताना. खळखळून गुळण्या करायच्या नाहीत. पाणी तोंडात घ्या, मान हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करा आणि बेसिनवर तोंड उघडून ते आपोआप पडू द्या. बाकीचे दात मऊ ब्रशने नेहमीसारखे घासा, खड्ड्याला मात्र ब्रश लावू नका.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. काल बरं होतं आणि आज गाल फुगला, म्हणून घाबरू नका. दोन दिवसांनंतर बर्फाचा उपयोग राहत नाही. जबडा आखडला असेल तर बाहेरून कोमट शेक द्या.

आरशात डोकावलात तर खड्ड्यात पांढुरका-पिवळसर थर दिसेल. तो पू नसतो, भरत आलेल्या जखमेचा तो थर असतो. तो खरवडून काढणं म्हणजे झालेलं काम उधळणं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखण्याची दिशा बघा

दुखतंय किती, यापेक्षा ते कुठल्या दिशेला चाललंय हे महत्त्वाचं. आज कालच्यापेक्षा थोडं कमी असेल तर सगळं रीतसर चाललंय. कमी होत आलेलं दुखणं दोन ते चार दिवसांनी एकदम उसळलं, ठणका कानापर्यंत जाऊ लागला, गोळीला दाद देईना आणि तोंडाला वास येऊ लागला, तर गुठळी निघून गेली असण्याची शक्यता आहे. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. खालच्या अक्कलदाढेनंतर, अवघड काढणीनंतर आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हे जास्त होतं.

यात घरी सोसत बसण्यात काही शहाणपणा नाही. डॉक्टर खड्डा धुऊन औषधी पट्टी ठेवतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी उतार पडतो. हा मुळात जंतुसंसर्ग नसल्यामुळे घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही.

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, पू आला, तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच राहिली, किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ-हनुवटी बधिर असेल तर दवाखाना गाठा. वरची दाढ काढल्यावर पाणी पिताना ते नाकात येत असेल तर सायनसशी वाट उघडी पडलेली असू शकते. डॉक्टरांना सांगा, तोवर नाक शिंकरू नका आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. सूज गळ्याकडे उतरली, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर भेटीच्या वेळेची वाट न बघता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.

पुढचे आठवडे

साध्या काढणीचं दुखणं बहुधा आठवड्याभरात ओसरतं, हाड कापून काढलेल्या अक्कलदाढेचं थोडं लांबतं. विरघळणारे टाके एक-दोन आठवड्यांत सुटतात. एखादा धागा जिभेवर आला तर ओढू नका. कधी कधी हिरडीतून हाडाची बारीक, टोचरी कपची डोकावते. ती बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडते, फार टोचली तर डॉक्टर क्षणात काढून देतात.

हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटत येते, आत हाड भरायला मात्र काही महिने लागतात. अक्कलदाढेची जागा रिकामीच सोडतात. दुसऱ्या दाताच्या जागी नवा बसवायचा असेल तर टाके तपासायला जाल तेव्हाच विचारून घ्या, कारण जागा रिकामी राहिली की शेजारचे दात हळूहळू तिच्याकडे कलू लागतात.