पावसाळ्याआधी कुत्र्याच्या खाऊची तयारी

ठाण्यात जुलैचा पाऊस लागला की संध्याकाळचा फेरफटका बुडतो आणि घरातला कुत्रा चपला कुरतडायला लागतो. त्याला अर्धा तास गुंतवेल असा खाऊ जूनमध्येच ठरवून ठेवावा.

आधी वजन. कुत्रा काट्यावर उभा राहत नसेल तर त्याला उचलून तुम्ही उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या १० टक्क्यांत, म्हणजे ६० कॅलरींत बसवायचा आणि तेवढं जेवण कमी करायचं.

दुकानात अंगठ्याचं नख वापरा. दाबल्यावर खूण उमटली नाही तर वस्तू ठेवून द्या. शिंग, खूर, मोठी हाडं बराच काळ टिकतात खरी, पण वरच्या जबड्यातली मोठी दाढ त्यांनीच तडकते. छुर्पी, म्हणजे याकच्या दुधाचं वाळवून कडक केलेलं चीज, हीही बहुधा या परीक्षेत नापास होते. घरात पडून असेल तर लहान तुकडा दहा मिनिटं भिजवून मायक्रोवेव्हमध्ये फुगवा आणि पूर्ण गार करून द्या. चामड्याची गाठ मारलेली हाडं नकोतच. गिळलेला तुकडा पोटात फुगून आतडं अडवू शकतो. बिर्याणीतलं शिजलेलं हाड तर टोकदार फुटतं.

टिकाऊपणा गोठवण्यातून मिळवा. पोकळ रबरी खेळणी दोन घ्या, म्हणजे एक कायम फ्रीजरमध्ये राहील. दोन्ही टोकांना भोक हवंच. एकच असेल तर चोखताना आत पोकळी तयार होऊन जीभ अडकते. आत दोन चमचे उकडलेला लाल भोपळा, एक चमचा बिनसाखरेचं दही, थोडा भात. वरून पीनट बटर लावायचं तर आधी लेबल वाचा: झायलिटॉल किंवा ९६७ हा आकडा दिसला तर ते कुत्र्यासाठी विष. सहा तास गोठवा.

रताळी जांभळी नाक्यावरून आषाढीच्या बरीच आधी आणा, उपवासाच्या दिवसांत भाव चढतो. उभे, ८ मिलिमीटर जाड काप करून ओव्हनमध्ये १२० अंशांवर तीन तास, मध्ये एकदा उलटून. काप वाकला पाहिजे. कटकन मोडला तर तो वेफर झाला, दोन मिनिटांत संपेल. कोमट असताना डबा बंद केलात तर आत वाफ धरते आणि या दमट हवेत बुरशी येते. फ्रीजमध्ये आठवडाभर, त्यापुढे फ्रीजर.

कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट कशातच नको.

नवा खाऊ पहिल्यांदा १५ मिनिटंच, समोर बसून द्या. तुकडा एका घासात गिळण्याएवढा उरला की उकडलेल्या चिकनच्या बदल्यात काढून घ्या. हिसकावलात तर तो घाईने गिळेल. वारंवार उमासे, लाळ, जेवणाला नकार दिसला तर घरी उलटी करवू नका. रात्री उघडा असणारा पशुवैद्यकीय दवाखाना आत्ताच शोधून नंबर फ्रीजवर चिकटवा, आणि तो घोडबंदर रोडच्या कोंडीत न अडकता गाठता येईल असा निवडा.