ड्राइव्ह नव्हे, कनेक्टर निघाला
जुनी सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन) घेतली, सकाळी शहाण्यासारखी चालायची पण कूलंट (कापताना थंड ठेवणारं द्रव) चालू करून अर्धा तास झाला की एक्स अ‍ॅक्सिसला (टूल पुढे-मागे नेणाऱ्या एका दिशेला; दुसरी झेड) सर्वो ओव्हरकरंट अलार्म, म्हणजे तिच्या मोटरला जास्त करंट जातोय. सगळे म्हणाले ड्राइव्ह (मोटरला करंट पुरवणारं युनिट) गेला. एक्स आणि झेडचे ड्राइव्ह सेम मॉडेलचे होते म्हणून मेन बंद करून, चार्ज लाइट (ड्राइव्हमध्ये वीज साठून आहे हे दाखवणारा दिवा) विझल्यावर अदलाबदल केली, तरी अलार्म एक्सलाच, म्हणजे ड्राइव्ह बिचारा निर्दोष. मग मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवून मेगर, म्हणजे मोठ्या व्होल्टेजने इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला (जोडलेली असताना लावू नका, ड्राइव्ह उडेल), अर्थला जेमतेम ०.३ मेगाओहम, म्हणजे करंट अर्थला गळतोय. मोटरचा कनेक्टर उघडला तर आत चमचाभर कूलंट, पिना हिरव्यागार! सील कधीचं फाटलेलं. मोटर वाळवली, कनेक्टर नवीन टाकला, दुसऱ्या दिवशी मेगर १०० च्या वर. अलार्म परत आला नाही.