रेड रिबिल्ड रखडलंय? या चुका टाळा

रेडमधली (अनेक डिस्क्स जोडून केलेल्या साठवणीतली) खराब डिस्क काढली, नवी बसवली, रिबिल्ड म्हणजे तिच्यावर डेटा पुन्हा उभारणं सुरू झालं. रात्री सेकंदाला १५० एमबीने पळणारं काम सकाळी ५ एमबीवर आलं, की पहिला संशय नव्या डिस्कवर जातो. ती बदलायची घाई करू नका. आधी त्याच डिस्क्सवर आणखी काय चालू आहे ते बघा.

रिबिल्ड डिस्क सलग वाचत जातं. मध्येच डेटाबेसने भलतीकडचा ब्लॉक मागितला की हार्ड डिस्कचं हेड तिकडे जातं आणि परत येतं. दर फेरीला काही मिलिसेकंद वाया. त्यात रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी रचना) असेल, तर गेलेल्या डिस्कवरचा एक ब्लॉक मिळवायलाही उरलेल्या सगळ्या डिस्क्स वाचाव्या लागतात.

लिनक्सच्या एमडी या सॉफ्टवेअर रेडमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे फक्त रिबिल्डची कमाल वेगमर्यादा वाढवणं. ती आधीच सेकंदाला २,००,००० केबी असते. इतर वाचन-लेखन दिसलं की एमडी स्वतःहून मागे सरतं आणि वेग किमान मर्यादेकडे उतरतो. ही किमान मर्यादा मुळात फक्त १,००० केबी! हिशेब करून बघा: १२ टीबीची डिस्क २०० एमबीच्या वेगाने सुमारे १७ तासांत भरते, १ एमबीच्या वेगाने जवळजवळ १३९ दिवस लागतील. म्हणून 'स्पीड लिमिट मिन' ही किमान मर्यादेची सेटिंग वाढवा, ५०,००० पासून सुरुवात करा. बाकीची कामं मंदावतील, मंदावू द्या. रेड ५ मध्ये रिबिल्ड संपेपर्यंत दुसरी डिस्क गेली तर डेटा गेला, तेव्हा इथे भिडस्तपणा नको.

रिबिल्ड चालू असताना स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-तपासणीची) लाँग टेस्ट किंवा मोठी कॉपी लावू नका. रात्रीचा बॅकअप मात्र सरसकट बंद करू नका: ताजा बॅकअप नसेल तर महत्त्वाच्या फाइल्स आधी, बाकीचं नंतर. एकाच डिस्कच्या पार्टिशन्सवर दोन अ‍ॅरे (रेडचे डिस्क-गट) असतील, तर 'एमडीस्टॅट' या रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये दुसऱ्यापुढे 'डिलेड' दिसेल. तो बिघाड नाही, त्याची पाळी यायची आहे. वैतागून पॉवर बटण तर मुळीच दाबू नका.

कामं थांबवूनही वेग वाढेना, तर 'आयओस्टॅट' या डिस्कची व्यस्तता दाखवणाऱ्या कमांडमध्ये डिस्क्स शेजारी-शेजारी ठेवून बघा. सगळ्या सारख्याच व्यस्त असतील तर अजून कोणीतरी वाचतंय. 'आयओटॉप' ही कमांड त्या प्रोग्रॅमचं नाव सांगेल. एकच डिस्क १०० टक्क्यांवर आणि बाकीच्या निवांत असतील, तर मग तिची केबल आणि स्मार्टमधले सीआरसी एररचे (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचे) आकडे तपासा. ती एसएमआर (एकमेकांवर चढणाऱ्या ट्रॅक्सच्या) प्रकारची तर नाही ना, हेही मॉडेल नंबरवरून बघा. अशा डिस्कचं लेखन कॅश भरली की कोसळतं, आणि तिथे कुठलीही वेगमर्यादा कामाला येत नाही.