मुंबईहून क्रूझला जाताय? केबिन, बॅग, बोट लागणं, सगळं एकदाच सांगते

"क्रूझचे पैसे वसूल होतात का गं" असं विचारणारे मेसेज सारखे येतात, म्हणून एकदाच नीट लिहिते. तुम्हाला गोवा बघायचाय तर कोकण रेल्वेने जा, कितीतरी स्वस्तात पोचाल. क्रूझला जायचं ते बोटीवर राहायला. आजीआजोबा, नातवंडं सगळे एकाच ठिकाणी, बॅग एकदाच उघडायची, सकाळी आठला गाडी निघतेय म्हणून कोणी कोणाला गदागदा हलवून उठवत नाही, आणि घरातल्या बाईला "आज जेवायला काय" हे कोणी विचारत नाही. माझ्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कुठे यायलाच तयार नसायच्या, त्या बोटीवर सकाळी खिडकीपाशी चहा घेऊन बसल्या की तास तास हलायच्या नाहीत, लांबवर मच्छीमार ट्रॉलर दिसला की आम्हाला हाका मारून दाखवायच्या. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

आता कामाचं बोलू. मुंबईहून आपल्यापैकी बहुतेक जण जातात ती कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस बोट, 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेली, आधी रॉयल कॅरिबियन या परदेशी क्रूझ कंपनीकडे होती आणि 2021 पासून इथून सुटायला लागली. जुनी बोट आहे त्यामुळे साध्या केबिन लहानच, मोठ्या कडक सुटकेसऐवजी मऊ बॅगा न्या म्हणजे कॉटखाली सरकवता येतात. बुक करताना प्रोग्राम नीट वाचा, पूर्ण दिवस समुद्रात असेल तोच घ्या. नुसतं मुंबई-गोवा-मुंबई दोन रात्रीचं केलं तर चढण्या-उतरण्यातच जीव जातो, बोट अंगात भिनेपर्यंत उतरायची वेळ येते.

जाहिरातीतला आकडा बघून हुरळून जाऊ नका. त्यात पोर्ट चार्जेस, जीएसटी, ग्रॅच्युइटी (म्हणजे बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची टीप) धरलंय का ते विचारा आणि "सगळं धरून माणशी किती" हे लेखी घ्या. मुख्य जेवणं भाड्यात असतात, जैन पण मिळतं, दारू, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं वेगळं.

केबिन कुठली घ्यायची यावर मात्र वेळ घालवा, कारण सगळी मजा किंवा सगळा वैताग इथेच ठरतो. बोट टोकाला जास्त हलते आणि जितकं वर जाल तितकं जास्त जाणवतं, म्हणून ज्यांना बस लागते त्यांनी मधली आणि खालच्या डेकची घ्यावी. डेक प्लॅनवर वरच्या-खालच्या मजल्यावर काय आहे तेही बघा, डोक्यावर स्विमिंग पूल किंवा पायाखाली थिएटर असेल तर झोपेचं खोबरं. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त पडते, फक्त झोपायलाच जाणार असाल तर काही बिघडत नाही, पण सोबत म्हातारं माणूस असेल तर खिडकी घ्याच. आणि एक गोष्ट एजंट सांगत नाहीत, मुंबईहून दक्षिणेला जाताना सूर्य उजव्या बाजूला मावळतो आणि परत येताना डाव्या बाजूला, त्यामुळे जाताना मावळतीला समुद्रात असाल तर उजवीकडची खोली, नाहीतर सरळ वरच्या डेकवर जा, तिथे सगळ्यांना सारखंच दिसतं.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, समुद्र शांत असतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, तेव्हा जायचा हट्ट नको.

बोट लागण्याची भीती बऱ्याच जणांना असते. अॅव्होमिन सारखी गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यायची, आणि तिने झोप येते हे लक्षात ठेवा. ज्येष्ठांनी, गरोदर बायकांनी, आधीच औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरला विचारूनच. बाकी आलेपाक जवळ ठेवा, पोट रिकामं ठेवू नका, मोबाईलमध्ये मान घालून बसू नका, बाहेर येऊन जिथे आकाश आणि पाणी मिळतं तिकडे बघत राहा, बराच फरक पडतो.

बॅलार्ड पिअरला, म्हणजे मुंबईत बोट सुटते त्या धक्क्यावर पोचलात की मोठ्या बॅगा टॅग लावून घेतात आणि त्या केबिनमध्ये यायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चार्जर, मूळ आधार कार्ड, पोरांचे पोहायचे कपडे हे खांद्यावरच्या पिशवीत. इस्त्री, किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. बाहेरचं खाणंपिणं पण साधारण चालत नाही, तान्हं बाळ असेल तर त्याच्या खाण्याचं आधीच विचारून ठेवा.

चढल्यावर सुरक्षेचं ड्रिल होतं, ते कृपा करून टाळू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. 2012 मध्ये इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, 32 माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला आणि ड्रिल निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यायचं ठरलं. तुमची जमायची जागा पोरांना चालत जाऊन दाखवा.

बोट सुटताना सगळे जेवणाच्या रांगेत असतात, तेव्हा तुम्ही वरच्या डेकवर उजवीकडे उभे राहा. गेटवे आणि ताज, मग कुलाबा आणि टोकाला प्रॉंग्सचं दीपगृह, उजेड असेल तर नंतर डावीकडे लांबवर खांदेरी-उंदेरी, कान्होजी आंग्र्यांचा मुलूख. आपली मुंबई अशी समुद्रातून बघायला मिळते याचं मला फार अप्रूप आहे. किनारा लांब गेला की रेंज जाते, तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बोटीच्या नेटवर्कचं रोमिंग लागून बिल येईल.

गोव्यात बोट मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोला लागते. तिथून पणजी साधारण 30 किलोमीटर आणि कळंगुट-बागा त्याच्याही पुढे, तिकडे धावलात तर अर्धा दिवस टॅक्सीत. उतरायचंच असेल तर जवळच्या बोगमाळोला जाऊन या. मला विचाराल तर उतरूच नका, सगळे गोव्यात गेलेले असतात आणि पूल आख्खा तुमचा.

लक्षद्वीपला मात्र उतरायलाच हवं. मोठी बोट बाहेर उभी राहते आणि छोट्या होड्यांतून बेटावर नेतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या आगबोटी ज्यांनी पाहिल्यात त्यांना पडावात उतरणं आठवेल, तोच प्रकार. हलत्या होडीत पाय टाकायचा असतो, गुडघे दुखणाऱ्यांनी तिथल्या माणसाचा हात धरून सावकाश उतरावं, जमत नसेल तर बोटीवरच थांबावं. परमिटची कागदपत्रं बुकिंगच्या वेळीच देऊन टाका.

बोटीवर सगळा खर्च केबिनच्या कार्डावर चढतो, पोरं आईस्क्रीम-मॉकटेल घेत सुटतात आणि आपल्याला पत्ता नसतो. शेवटच्या रात्री झोपायच्या आधीच रिसेप्शनवर बिल बघून घ्या, चूक असेल तर तिथेच दुरुस्त होते, सकाळी त्याच काउंटरला अख्ख्या बोटीची रांग असते.