५०० एमएम मिरर लेन्स: फोकस नेमका कसा साधावा

मिरर लेन्स आरशांनी प्रतिमा घडवते; तिच्यात प्रकाश आत घेणारं छिद्र, म्हणजेच अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. बहुतेक ५०० एमएम लेन्स एफ/८ या एकाच मापावर अडकलेल्या असतात. म्हणून कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवा, शटर १/१००० सेकंद आणि उजेड आयएसओने (सेन्सरच्या संवेदनशीलतेने) सांभाळा. कॅमेरा लेन्स ओळखत नसेल तर मेनूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, आणि बॉडीत स्टॅबिलायझर (हादरे सावरणारी यंत्रणा) असेल तर फोकल लेंग्थ ५०० हाताने भरा. हे विसरलात तर स्टॅबिलायझर चुकीचं गणित करतो नि फोटो हलतो.

खरी कसोटी फोकसची. रिंग अनंताच्या खुणेपुढेही फिरते, त्यामुळे चंद्रासाठीसुद्धा ती शेवटपर्यंत फिरवून चालत नाही. स्क्रीनवर चित्र दहापट मोठं करा. पक्ष्याच्या डोळ्यातला चमकता ठिपका बघत रिंग केसभर पुढे-मागे करा: फोकस चुकला की त्या ठिपक्याचं कडं होतं, जुळला की तो टोकदार बिंदू होतो. दहा मीटरवर जेमतेम दहा-वीस सेंटिमीटर खोलीचा पट्टाच स्पष्ट येतो, तेव्हा तीन-चार फोटो काढाच.

पार्श्वभूमीला उन्हात चमकणारी पानं किंवा पाणी नको. तिथे मेदुवड्यासारखी भोकाची वर्तुळं उमटतात. मागच्या बाजूचा छोटा फिल्टर मात्र काढू नका, अनेक लेन्समध्ये तो रचनेचाच भाग असतो.