माउंटन बाइक फिल्म आणि तिचं उरलेलं फुटेज: या चुका टाळा

पदरमोड करून केलेल्या माउंटन बाइक फिल्ममध्ये शूट झालेल्यातलं फार थोडं पडद्यावर येतं. बाकीचं हार्ड डिस्कवर पडून असतं आणि काही महिन्यांनी टीममधलं कुणीतरी म्हणतं, ‘यातनं अजून एक फिल्म निघेल की!’ निघते. पण तेव्हा ज्या अडचणी समोर येतात, त्यांतल्या बऱ्याच एडिटमध्ये सुटण्यासारख्या नसतात, कारण त्या शूटच्या दिवशीच झालेल्या असतात. म्हणून आधी शूटचं बोलू.

उतार सपाट दिसतो

ही सगळ्यांचीच तक्रार. प्रत्यक्षात पोटात गोळा आणणारा उतार पडद्यावर साधा रस्ता वाटतो. कॅमेरा ट्रेलच्या रेषेत समोर उभा केला, लेन्स वाइड ठेवली आणि उताराबरोबर कॅमेराही कलला, की उतार नाहीसा झालाच म्हणून समजा. कॅमेरा बाजूला न्या, आडवा समतल ठेवा आणि फ्रेममध्ये झाडांची खोडं येऊ द्या. खोड हाच प्रेक्षकाचा ओळंबा. त्याच्याशी ताडून बघितल्यावरच जमीन किती कललीय ते डोळ्याला कळतं. एकापाठोपाठ एक वळणं असतील तर लांबून टेली लेन्सने (दूरचं जवळ आणणाऱ्या) घ्या, ती एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात.

एडिटमध्ये फ्रेम दोन-तीन अंश फिरवून उतार ‘वाढवायचा’ मोह अनेकांना होतो. मग अख्खं जंगल एका बाजूला कलतं.

हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा हँडलबार दिसतच नाही, त्यामुळे वेगाचा अंदाज येत नाही. छातीवरच्या कॅमेऱ्यात हात, बार आणि पुढचं चाक असतं, म्हणून दगडांचा मार जाणवतो. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन (हादरे पुसणारी कॅमेऱ्यातली सोय) पूर्ण चढवलंत तर तोही जातो आणि खडकाळ ट्रेल गुळगुळीत होतो.

स्लो मोशन नंतर करू

फिल्म सेकंदाला २५ फ्रेम्सवर आणि शॉटही २५ फ्रेम्सवर घेतलेला असेल, तर तो हळू करताना सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम्स स्वतः तयार कराव्या लागतात. फिरत्या चाकाचे स्पोक्स आणि हलणारी पानं तिथेच वितळतात. ५० फ्रेम्सवर घेतलेला शॉट निम्म्या वेगाने स्वच्छ चालतो, १०० वर घेतलेला पाव वेगाने. म्हणून सगळंच जास्त फ्रेम्सवर घ्यावं का? नाही. फ्रेम्स वाढल्या की शटर जलद ठेवावा लागतो, झाडाखालच्या अंधुक उजेडात चित्रात नॉइज (दाणे) येतो आणि काही कॅमेरे त्या मोडमध्ये आवाज टिपतच नाहीत.

२५ फ्रेम्सला १/५० सेकंदाच्या आसपासचा शटर हालचाल नैसर्गिक दाखवतो. भर उन्हात एनडी फिल्टर (लेन्समध्ये जाणारा उजेड कमी करणारी काच) नसेल तर शटर कुठल्या कुठे जातो आणि प्रत्येक हालचाल तुटक दिसते. बाइकवर लावलेल्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं गणित मात्र उलटं: तिथे स्टॅबिलायझेशन चालू असताना मंद शटर ठेवला, तर स्थिर केलेल्या फ्रेममध्ये धक्क्यांचा धूसरपणा लुकलुकत राहतो. तिथे जलद शटरच बरा.

आणि एक मत, पटलं तर घ्या: जंपमधलं हवेतलं स्लो मोशन ठीक, लँडिंग मात्र पूर्ण वेगात आणि आवाजासकट ठेवा. लँडिंगही हळू केलं की रायडरला वजनच उरत नाही.

आवाजाची फाइल नाही

पहिल्या फिल्ममध्ये गाणं लावून आवाजाची बाजू निभावून नेलेली असते. दुसऱ्या एडिटला गाणं बदलतं, खाली मूळ आवाज शोधायला जावं तर नुसता वाऱ्याचा घोंगाट. मागच्या चाकातल्या फ्रीहबची टिकटिक, खडीवरचे टायर, डिस्क ब्रेकचं किंचाळणं, फ्रेमवर आपटणारी चेन हे सगळं राइड संपल्यावर शांतपणे, माइकवर फर लावून, जवळून रेकॉर्ड करून ठेवा. यासाठी रायडरला भरधाव जायची गरज नसते.

फाइल्स सापडत नाहीत

अनेक अ‍ॅक्शन कॅमेरे लांब शॉटचे तुकडे करून साठवतात. गोप्रोच्या नावात तुकड्याचा क्रमांक शॉटच्या क्रमांकाच्या आधी येतो, त्यामुळे नावाने लावलं की एकाच राइडचे दोन तुकडे यादीत दूर-दूर जाऊन पडतात. वेळेनुसार लावावं, तर प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं. रोज सकाळी सगळी घड्याळं जुळवा.

एडिट सुरू झाल्यावर फाइलची नावं बदलू नका, जुना प्रोजेक्ट उघडल्यावर सगळं ‘मीडिया ऑफलाइन’ दिसेल. तसं झालंच असेल तर आधी मूळ फोल्डरची नावं पूर्ववत करा आणि मग रीलिंक करा, म्हणजे प्रोजेक्टला फाइल्स पुन्हा दाखवून द्या. रात्री कंटाळून ‘फसलेले’ टेक डिलीट करणं ही या यादीतली सर्वांत महागडी चूक. फोनवर घेतलेल्या क्लिपमध्ये आवाज हळूहळू पुढे-मागे सरकत असेल तर बहुधा फ्रेम रेट बदलता आहे. टाइमलाइनवर आणण्याआधी क्लिप स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

जुन्या टाइमलाइनवरच दुसरी फिल्म

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे जुना प्रोजेक्ट उघडायचा, वापरलेले शॉट काढायचे आणि उरलेले जोडायचे. यातून पहिल्या फिल्मचीच फिकी नक्कल तयार होते. कारण साधं आहे. शॉट वगळले जातात तीन कारणांनी: तांत्रिक दोष, त्याच क्षणाचा आणखी चांगला शॉट हाती असणं, किंवा गोष्टीत त्याला जागा नसणं. दुसऱ्या गटातले शॉट चकचकीत असतात, म्हणून हात आधी तिकडेच जातो. पण तुमची दुसरी फिल्म तिसऱ्या गटात आहे. फावड्याने टेक-ऑफला (उडीच्या चढाला) आकार देणं, पावसाने वाहून गेलेला बर्म (वळणावरचा मातीचा बांध) पुन्हा बांधणं, ड्रॉपच्या (सरळ खाली उतरणाऱ्या पायरीच्या) काठावर येऊन थांबणं आणि बाइक ढकलत परत वर चढणं. पहिल्या फिल्मने जमलेली उडी दाखवली, न जमलेल्या सगळ्या इथे आहेत.

नवा प्रोजेक्ट करा, मूळ फाइल्स घ्या (ग्रेड करून, म्हणजे रंग-उजेड ठरवून, एक्सपोर्ट केलेली जुनी फिल्म कापू नका, तिच्या सावल्यांत काही उरलेलं नसतं) आणि सगळं फुटेज गाण्याशिवाय बघा. गाणं लावून बघितलं की प्रत्येक शॉट चांगला वाटतो.

सलगता जुळत नसेल, रायडर एका शॉटमध्ये डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे जात असेल, तर शॉट आडवा उलटवू नका. बाइकची चेन आणि गिअर बदलणारा डिरेलर उजव्या बाजूला असतात. ते डावीकडे दिसले की बाइकवाला प्रेक्षक त्याच क्षणी ओळखतो. जर्सीवरची उलटी अक्षरं तर कुणालाही दिसतात. मध्ये तटस्थ शॉट टाका: समोरून येणारं चाक, हात, ट्रेलची माती.

फोनसाठी उभी आवृत्ती करायची असेल तर ३८४० × २१६० च्या फ्रेममधून पूर्ण उंचीची उभी पट्टी १२१५ पिक्सेल रुंद मिळते, १०८० च्या उभ्या व्हिडिओला पुरेशी. फुल एचडीत शूट केलं असेल तर ती सोय नाही.

परवानगी पहिल्या फिल्मपुरती होती

गाण्याला दोन परवानग्या लागतात, एक रचनेची आणि एक रेकॉर्डिंगची. पहिल्या फिल्मसाठी घेतलेला परवाना दुसऱ्या एडिटला लागू होईलच असं नाही. अटी काढून वाचा. जागामालकाच्या आणि ड्रोनच्या परवानग्यांचंही तसंच. पडण्याचे शॉट वापरणार असाल तर रायडरला तो भाग आधी दाखवा, त्याने सही केलेला जुना कागद तुमच्याकडे असला तरी. आणि हे रफ कटलाच (पहिल्या कच्च्या जोडणीलाच) करा. फिल्म लॉक झाल्यावर (एडिट पक्कं झाल्यावर) तो नाही म्हणाला, तर तो शॉट काढल्यावर गाणं, आवाज आणि ग्रेडिंग तिन्ही पुन्हा जुळवत बसावं लागतं.